आमचे भाऊ : गोठ्यापासून गिधाडांच्या कड्यापर्यंत

कडवाकाठ (धागाकर्ता) :

गेल्या महिन्यात आमचे जुने स्नेही हृदयविकाराच्या झटक्याने गेले. नाशिक जिल्ह्यात हरसूलपासून निफाडपर्यंत सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणत. घरच्यांच्या इच्छेला मान देऊन येथे त्यांचे पूर्ण नाव लिहीत नाही. ज्यांचा त्यांच्याशी संबंध आला, त्यांना एवढ्यावरूनही ओळख पटेल.

शोकसभेत अनेकांनी त्यांना पक्षिमित्र म्हटले, निसर्गप्रेमी म्हटले. ते खोटे नाही, पण त्या विशेषणांत भाऊ मावत नाहीत. त्यांनी नेमके काय केले आणि कोणत्या विचाराने केले, हे लिहून ठेवले नाही तर दोन-चार वर्षांत केवळ ‘फार चांगला माणूस होता’ एवढेच उरेल. म्हणून हा धागा काढत आहे.

भाऊंची सारी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली आणि त्यातली बहुतेक वर्षे त्र्यंबक तालुक्याच्या पश्चिम भागात गेली. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचत पाड्यापाड्यांवर फिरणे, अडलेल्या गाईची वार काढणे, शेळ्यांना जंतांचे औषध पाजणे, हे त्यांचे रोजचे काम. त्या फिरतीतच त्यांच्या लक्षात आले की गावाबाहेर ढोरे टाकायच्या जागेवर पूर्वी तासा-दोन तासांत मेलेले जनावर साफ होत असे, ते आता आठ-आठ दिवस पडून राहते आणि भोवती कुत्र्यांची संख्या वाढत चालली आहे. गिधाडे कुठे गेली, हा प्रश्न त्यांना पक्षिशास्त्राच्या पुस्तकातून पडलेला नव्हता. तो त्यांना दुर्गंधीतून आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीतून पडला होता.

उत्तर सगळ्या जगालाच उशिरा मिळाले. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर त्यानंतर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, शरीरात युरिक आम्ल साठते आणि पक्षी काही दिवसांतच मरतो, हे २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक आणि लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्के घटली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात, त्यामुळे एवढी पडझड भरून निघायला किती काळ लागेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

बंदी आली म्हणून औषध थांबले असे मात्र झाले नाही. माणसांसाठी मिळणाऱ्या ३० मिलीच्या बाटल्या सर्रास गोठ्यात जाऊ लागल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि कोणत्याही दुकानात मिळत. भाऊंचे खरे काम येथे सुरू झाले. भाताच्या आवणीच्या दिवसांत एका पाड्यावर मी त्यांच्यासोबत गेलो होतो. बैलाचा खांदा सुजून टणक झाला होता, हात लावला तरी तो अंग काढून घेत होता, आणि शेतकरी काकुळतीला आला होता. कारण चिखलणी थांबली तर रोपे वाया जाणार होती. त्याने ‘ते नेहमीचे लाल झाकणाचे’ इंजेक्शन मागितले. भाऊंनी आधी खांद्याला गरम पाण्याचा शेक दिला, जखमेतले केस कातरले, मलम लावले, मग आपल्या पिशवीतून मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक काढून टोचले आणि जू दुसऱ्या बाजूने कसे बांधायचे ते दाखवले. गिधाडाचे नाव त्यांनी तोवर काढले नव्हते. दोन दिवसांनी बैलाची सूज उतरली का हे पाहायला ते पुन्हा गेले आणि तेव्हा, चहा घेताना, त्यांनी औषधाचा फरक समजावून सांगितला. शेतकऱ्याने विचारले, “म्हणजे तुमचे गिधाड वाचवायला माझ्या बैलाने कळा सोसायच्या का?” भाऊ म्हणाले की तसे असते तर मी हे औषध तुझ्या गोठ्यात आणलेच नसते, बैलालाही उतार पडतो आणि गिधाडालाही धोका नाही, म्हणूनच ते आणले आहे.

हाच त्यांचा विचार होता. वन्य जीवांच्या शेजारी जो माणूस राहतो त्याचे नुकसान आधी भरून निघाले पाहिजे, त्याची अडचण आधी सुटली पाहिजे; त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा शहरातल्यांनी करू नये. माझ्या मते नाशिकमधील संवर्धनाच्या कामात या विचाराची जेवढी गरज आहे तेवढी दुसऱ्या कशाचीही नाही.

ज्यांना त्यांच्याविषयी प्रत्यक्ष ठाऊक आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

त्र्यंबकवाट :

कडवाकाठ, तुम्ही धागा काढलात हे फार बरे केलेत.

मी त्याच पट्ट्यातला. हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनविभाग आणि ग्रामस्थांनी मिळून गिधाडांसाठी उपाहारगृह सुरू केले, ते अनेकांना ऐकून माहीत असेल. मेलेले जनावर ठरलेल्या जागी आणून टाकायचे आणि गिधाडांना औषधविरहित खाद्य मिळू द्यायचे, एवढी साधी ती कल्पना. पण ती चालते कशावर? ज्याचे जनावर मेले, त्याने ते पुरून न टाकता वेळेवर निरोप द्यावा लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात त्या जनावराला काय टोचले होते हे खरे सांगावे लागते. मरणाच्या दारी असलेल्या गाईला घरचा माणूस मिळेल ते औषध देतोच, आणि नंतर ते सांगायला घाबरतो.

भाऊंची वही येथे कामी येत असे. त्यांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक पाड्याचे पान त्या वहीत होते, आणि कोणत्या जनावराला कोणत्या तारखेला काय दिले हे त्यात लिहिलेले असे. एखाद्याने डायक्लोफेनॅक दिल्याचे कबूल केले तर भाऊ त्याला एका शब्दानेही दुखावत नसत. ते जनावर खोल पुरायला स्वतः फावडे धरत. असा माणूस रागावत नाही हे पक्के झाल्यावरच लोक खरे सांगू लागले. दुकानदारांशी त्यांची वागणूक मात्र वेगळी होती. मोठी बाटली गोठ्यासाठी विकणाऱ्याला ते गिऱ्हाइकांसमोर थेट विचारत. २०१५ मध्ये माणसांसाठीचे हे इंजेक्शनही ३ मिलीच्या एकाच मात्रेच्या बाटलीत विकण्याचे बंधन आले, तेव्हा ते निवृत्त झाले होते, तरी त्या आदेशाची प्रत खिशात ठेवून दुकाने फिरत होते. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक या गिधाडांना घातक वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी आली. तेव्हाही त्यांनी तसेच केले.

मोबदला सोडाच, पेट्रोलचे पैसेही त्यांनी कधी कोणाकडे मागितले नाहीत.

निफाडचा शेतकरी :

मी पक्षी ओळखणारा माणूस नाही. आमच्याकडे ऊस आहे, त्यामुळे बिबट्या आहे, आणि भाऊंची माझी ओळख बिबट्यामुळेच झाली.

आमच्या शिवारातल्या एका कठडा नसलेल्या विहिरीत रात्री बिबट्या पडला. सकाळी आठपर्यंत चार गावांचे लोक जमले. कोणी वाकून मोबाइलवर चित्रीकरण करत होते, कोणी दगड मारत होते, आणि तो पाण्यात पोहून पोहून थकला होता. कपारीला पंजे लावायचा आणि पुन्हा घसरायचा. वनविभागाची गाडी यायला अवकाश होता. भाऊ माझ्या मेहुण्याकडे आले होते, ते तसेच धावत आले. त्यांनी विहिरीकडे पाहिलेसुद्धा नाही. पहिल्यांदा त्यांनी गावातल्या दोन वजनदार माणसांना गाठून सांगितले की कडेची माती पावसाने भुसभुशीत झाली आहे, ती ढासळली तर तुमचीच पोरे आत जातील. मग त्यांनी दोर लावून गर्दी मागे सारली. त्यानंतर एक बाज मागवली, तिच्या चारही पायांना सोल (जाड दोर) बांधले आणि आठ जणांकडून ती समतल धरून पाण्यापर्यंत सोडली. बिबट्या आधी तिच्यापासून दूर गेला, गुरगुरला, मग पुढचे पाय टेकले आणि एका उडीत वर चढून बसला. पुढचे दोन तास तो त्या बाजेवर धापा टाकत बसून होता आणि वर माणसे एकमेकांना गप्प बसवत होती. वनविभागाने पिंजरा आत सोडला तेव्हा तो फारसा त्रास न देता त्यात गेला.

गाड्या गेल्यावर सगळे पांगले. भाऊ थांबले. विहिरीच्या मालकाची मोटार आणि पाइप या धावपळीत मोडले होते. ते त्यांनी लिहून घेतले, छायाचित्रे काढली आणि गावातूनच वर्गणी करून त्याची भरपाई करून दिली. मला तेव्हा समजले की हा माणूस निराळा आहे.

पुढे माझे वासरू बिबट्याने मारले. मी वैतागून ते ओढून बांधावर टाकणार होतो. भाऊंनी दूरध्वनीवरच सांगितले की जनावर जागचे हलवू नका, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला घ्या आणि पंचनाम्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच सही करा. भरपाई मिळाली. ज्याला भरपाई मिळते तो विषप्रयोग करायला जात नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

माहेर नाशिक :

मी आता पुण्यात असते. महाविद्यालयात असताना जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेसाठी आम्हा मुलामुलींना नांदूरमध्यमेश्वरला नेत असत आणि भाऊ आमच्या गटाचे प्रमुख असत.

ज्यांनी ते ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. गोदावरी आणि कडवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून कालव्यांत वळवले जाते. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती असा पक्ष्यांना मानवणारा प्रदेश आपोआप तयार झाला. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या आरंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

तेथील चापडगावच्या पक्षिनिरीक्षण मनोऱ्यावर भाऊंनी आम्हाला मोजायला शिकवले. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्या दहांनी दुर्बिणीतली किती जागा व्यापली आहे हे डोळ्यांत बसवायचे आणि मग त्या मापाने थवा मोजायचा. वारकरी आणि थापट्या एकत्र असले तर दोघांनी वेगवेगळे मोजायचे. थवा मध्येच उडाला तर आकडा अंदाजाने पुरा न करता खोडून पुन्हा मोजायचे. एका वर्षी पाणी सोडण्याच्या वेळापत्रकामुळे पातळी जास्त होती आणि शेकाट्यांसारखे चिखलात चरणारे पक्षी फारच कमी दिसले. आमच्यातल्या एकाला वाटले की एवढा कमी आकडा दिला तर अभयारण्याची शोभा जाईल. भाऊंनी कमी आकडाच लिहायला लावला आणि त्याच्या शेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहिली. पक्षी कमी का आले हे पुढे कोणाला शोधायचे असेल तर त्याला खरा आकडा लागेल, असे त्यांनी सांगितले. मी आज सांख्यिकी शिकवते. नोंदीचा प्रामाणिकपणा हा माझा पहिला पाठ मी त्या मनोऱ्यावर घेतला.

अभयारण्य म्हणजे आपल्या शेतीवर बंधने, अशी धास्ती काठच्या गावांत होतीच. भाऊ ती धास्ती खोडून काढत नसत. ते गावातल्या तरुणांना दुर्बीण हाती देत, पक्ष्यांची मराठी नावे पाठ करून घेत, आणि बाहेरून येणाऱ्यांना बजावत की वाटाड्या घ्यायचा तर गावातलाच घ्या.

पंचवटीकर :

थोडेसेच लिहितो. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदेला महापूर आला, काठावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सराफ बाजारापर्यंत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर स्वयंसेवक पुष्कळ आले, अन्नाची पाकिटेही पुष्कळ आली. पण काठावर फुगून पडलेल्या जनावरांकडे जायला कोणी धजत नव्हते. भाऊ हातमोजे, चुना आणि चार पोरे घेऊन आले आणि कोठे कोणते जनावर पडले आहे याची यादी सफाई कामगारांच्या हाती देऊन त्यांच्यासोबत राबले. हातमोजे न घालणाऱ्या सफाई कामगाराला त्यांनी आपले काढून दिले, एवढे मला दिसले.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजात अडकलेले पक्षी आमच्या भागातून त्यांच्याकडे जात. घारीच्या डोक्यावर कापड टाकून, पंखाला पडलेला दोरा न ओढता लहान कात्रीने तुकड्या-तुकड्याने कापायचा, हे त्यांनी आमच्या गल्लीतल्या मुलांना शिकवले. ती मुले आता नायलॉन मांजा विकत घेत नाहीत.

एक सूचना मांडतो. भाऊंच्या नावाने या पावसाळ्यात मोठे वृक्षारोपण करावे. येवल्याकडे ममदापूरला उघडा माळ भरपूर आहे. तेथे एक हजार झाडे लावता येतील. खर्चाचा वाटा उचलायला मी तयार आहे.

येवलेकर :

पंचवटीकर, तुमच्या भावनेविषयी मनात पूर्ण आदर ठेवून सांगतो की ममदापूरला झाडे लावणे हे भाऊंना मुळीच रुचले नसते.

ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी आहे. काळवीट हे उघड्या गवताळ माळावर जगणारे जनावर. दूरवर पाहता येणे आणि वेगाने पळता येणे हेच त्याचे संरक्षण. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांनी भरलेला माळ उन्हाळ्यात वाळून पिवळा पडतो आणि शहरातून येणाऱ्याला ओसाड वाटतो, परंतु त्यात काळविटांखेरीज खोकड, लांडगा आणि जमिनीवर घरटी करणारे चंडोलासारखे पक्षी राहतात. तेथे खड्डे घेऊन झाडे लावली तर माळ संपतो. हीच गोष्ट त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या पठाराची. अंजनेरीवरून नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये शास्त्राला नवीन म्हणून नोंदली गेली. ती उघड्या, गवताळ, खडकाळ उतारावर येते. उत्साहाच्या भरात तेथे कुदळ चालवली तर कंदच उपटले जातील. भाऊ या विषयावर फार पोटतिडकीने बोलत. नाशिकजवळच्या बोरगडचे उदाहरण ते आवर्जून देत : २००८ मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव झाले, आणि तेथे राखण, वणव्यापासून बचाव व चराईवर नियंत्रण एवढ्याने जे साधले ते नुसत्या रोपांनी साधले नसते, असे त्यांचे मत होते. परदेशी गिरिपुष्पाची रोपे लावून हिरवळ मोजणे त्यांना मान्य नव्हते.

आमच्याकडची खरी अडचण उन्हाळ्यातली आहे. पाण्याच्या शोधात काळविटे वस्तीकडे येतात, कुत्री मागे लागतात आणि कठडे नसलेल्या विहिरींत ती पडतात. त्यांना बाहेर काढायला भाऊ निवृत्तीनंतरही येत असत.

पंचवटीकर :

येवलेकर, पटले. मला माळाविषयी हे ठाऊक नव्हते. मग निधी कठड्यांसाठी वापरावा का?

निफाडचा शेतकरी :

माझे अनुमोदन आहे. आमच्याकडे बिबट्या पडतो, येवल्यात काळवीट पडते, आणि दोन्हीकडे शाळेतून येणारी पोरे त्याच विहिरींच्या कडेने चालतात. पण शेतकऱ्याला हात जोडून सांगतो म्हणून तो कठडा बांधणार नाही. विटा आणि सिमेंट पोहोचवा, मजुरी शेतकरी करील. भाऊंनी असेच केले असते.

त्र्यंबकवाट :

कठडे बांधावेत, त्यात दुमत नाही. पण पश्चिम भागाला विसरू नये. आमच्याकडे विहिरी कमी आणि गोठे जास्त. मेलॉक्सिकॅमची बाटली महाग पडते म्हणून जुने औषध चोरून परत येते. निधीतला काही भाग औषधासाठी ठेवला आणि तो पाड्यांवर काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांच्या हाती दिला, तर गिधाडांसाठी त्याहून मोठे काम होणार नाही.

कडवाकाठ (धागाकर्ता) :

सर्वांचे मनापासून आभार. भाऊंच्या मुलीशी काल बोललो. तिला दोन्ही कल्पना मान्य आहेत. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. भाऊंच्या सगळ्या वह्या घरी एका लोखंडी पेटीत आहेत : जनावरांच्या नोंदी, गिधाडांच्या घरट्यांच्या नोंदी, नांदूरमध्यमेश्वरच्या गणनेचे कच्चे कागद. काही पाने पावसात भिजून एकमेकांना चिकटली आहेत.

तेव्हा असे ठरवू. येवलेकर आणि निफाडचे शेतकरी यांनी आपापल्या गावांतल्या कठडा नसलेल्या विहिरींची यादी करावी. ज्या विहिरी शाळेच्या किंवा पाणवठ्याच्या वाटेवर आहेत त्या आधी घ्याव्यात. त्र्यंबकवाट यांनी औषधाचा अंदाजे खर्च काढावा. माहेर नाशिक, वह्यांची छायाचित्रे काढून आकडे संगणकावर चढवण्याचे काम तुम्ही आणि तुमच्या विद्यार्थ्यांनी पाहावे, अशी भाऊंच्या मुलीची इच्छा आहे. घरट्यांच्या जागा मात्र कोठेही जाहीर करू नयेत, ही भाऊंची जुनी अट तिने पुन्हा सांगितली आहे. पैशांचा हिशेब पंचवटीकरांनी ठेवावा आणि तो याच धाग्यावर लिहावा.

माहेर नाशिक :

मी पुढच्या शनिवारी नाशिकला येते. चिकटलेली पाने कोणीही ओढून सोडवू नका आणि उन्हात ठेवू नका. पानांच्या मध्ये कोरा टीपकागद घालून सावलीत, पंख्याखाली ठेवा. आकडे चढवताना खोडलेला आकडा आणि त्यावर लिहिलेला आकडा, दोन्ही नोंदवू.

त्र्यंबकवाट :

पेटी न्यायला मी गाडी घेऊन येतो. खोरीपाड्याच्या पानांवरील पाड्यांची नावे बोलीतली आहेत, ती वाचायला माझ्यासोबत तेथील एक जाणते गृहस्थ येतील. भाऊ त्यांच्याच ओटीवर बसून वही लिहीत.